डावीकडचा छोटा दात

प्रिय ठमाबाई,

फोनवर बोलायला गेलो की माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितोय. हसू नकोस, म्हातारा अजून कामाचा आहे. दंत महाविद्यालयातल्या आमच्या मॅडमनी मला एक काम दिलंय. ज्यांचा सुळा जागेवर न येता टाळूत भलतीकडेच शिरला, अशा चाळीस जणांच्या दातांचे प्लास्टरचे साचे आणि तुलनेला साध्या माणसांचे चाळीस. साच्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. कॅलिपरने प्रत्येक दाताची रुंदी घ्यायची, डावी-उजवी ताडून बघायची. तीस वर्षं मी साचे ओतले, पण असं निरखून कधी बघितलं नव्हतं गं. दोन्ही बाजू सारख्या असलेलं तोंड मला एकही सापडलं नाही!

मॅडमनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. सुळा वरून उतरतो तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून. तो दातच लहान असला, तर सुळ्याला आधार मिळत नाही आणि तो वाट चुकतो. एवढासा जीव हाडाच्या आत, अंधारात, शेजाऱ्याला चाचपत खाली येतो. मी तर दिवसभर त्याच विचारात होतो.

मग माझी चूक झाली, असं मला वाटलं. बारा नंबरच्या साच्यात डावीकडचा, सुळ्याशेजारचा तो छोटा दात पाच पूर्णांक एक मिलिमीटर, उजवीकडचा सहा पूर्णांक चार. सत्तेचाळीस नंबरलाही तेच आकडे. तोच साचा दोनदा मोजला की काय म्हणून पुन्हा मोजले. फरक नाही. मॅडमनी यादी उघडली आणि हळूच म्हणाल्या, "काका, सत्तेचाळीस तुमचा. बारा नंबर तुमच्या लेकीचा, जुन्या कपाटातला."

तुलनेसाठी माझा साचा मीच दिला होता. माझा सुळा कसाबसा जागेवर आला, आणि तो बुटका दात जन्मभर मिशीखाली लपून राहिला. तुझं मात्र ऑपरेशन झालं, तीन वर्षं तारा लागल्या. आणि मी काय केलं? अंगठा चोखतेस म्हणून असं झालं, असं आल्यागेल्यासमोर बोलून दाखवलं. अंगठ्याला कडू औषध लावलं, हाताला मोजा बांधला. तेव्हापासून तू तोंडावर हात ठेवून हसतेस. तुझ्या लग्नाच्या फोटोतही हात आहेच. मला लाज वाटते.

परवा तू सांगितलंस की नातीच्या हाताला तू हातमोजा बांधतेस, नाहीतर तिचाही सुळा अडकेल. त्या रात्री जेवण गेलं नाही. सोड तो हातमोजा. अंगठ्याची सवय सुटेल गोडीगुलाबीने, सुळ्याचा आणि त्या सवयीचा संबंध नाही. नात नऊ वर्षांची आहे, तो छोटा दात तिच्यातही उतरला असेल, आत्ताच दातांच्या डॉक्टरांना दाखव. वेळेत कळलं तर कधी कधी दुधाचा सुळा काढून वाट मोकळी करता येते. आणि तूही तोंडावरचा हात काढ, ठमे. अंगठ्याने काही केलं नव्हतं. तो दात माझा होता.

तुझाच,
बाबा