वेणी कोणाची?

बडोदे,
१२ जानेवारी २०२५

चि. पद्माकर यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायचं मी सोडून दिलं आहे. गच्चीगच्चीवर आतापासूनच पतंग चढले आहेत आणि ‘काप्यो छे’च्या आरोळ्यांनी माझी दुपारची झोप कापली आहे. परवा संक्रांत. म्हणजे गोड बोलायला अजून दोन दिवस अवकाश आहे. तेवढ्यात हे पत्र उरकून घेते.

अक्षर अबोलीचं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझी लेक मैत्रिणीकडे मांजा गुंडाळायला गेली आहे. मग हे कोणाचं, ते शेवटी सांगेन. मधेच पान उलटून बघू नकोस, लहानपणची खोड आहे तुझी.

तर माझं आठवणींचं पुस्तक. मी सांगितलं, अबोलीनं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि तू पुण्यात ते तपासणीच्या यंत्रातून काढून परत पाठवलंस. निकालही आला म्हणे, शंभरापैकी सत्त्याण्णव. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईला सत्त्याण्णव! मला तर संशयच आला. मी अबोलीला म्हटलं, पेढे राहू देत, आधी काय काय गेलं ते वाच.

गेला होता तो भोंगा. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आपला सगळा संसार वर्कशॉपच्या भोंग्यावर चालायचा, म्हणून माझ्या प्रत्येक प्रकरणात ‘भोंगा झाला’ येतंच. यंत्र म्हणालं, पुनरुक्ती, काढून टाका. अरे, पुनरुक्ती माझी कुठली, रेल्वेची! आणि ‘सासूबाई नुसत्या डोळ्यांनी भाजी चिरायच्या’ यावर त्यानं विचारलं की वाक्यात सुरी राहून गेली आहे का. सासूबाई असत्या तर दाखवली असती त्याला सुरी.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. अबोलीच्या बोटांनी केलेल्या चुका त्यानं भराभर वेचल्या. पण चाळणीचं काम तेवढंच. तांदळाहून बारीक असेल ते खाली पडतं, तांदळाएवढा खडा वरच राहतो. म्हणून तांदूळ चाळले तरी निवडावे लागतात. तू फोनवर म्हणालास, “आई, चुका निघाल्या ना? मग आता संपादक कशाला? ते लोक महिने घालवतात. फेब्रुवारीत तुझं सहस्रचंद्रदर्शन, हॉल घेतलाय, पुस्तक त्या दिवशी पाहुण्यांच्या हातात पडायला हवं.” मी ‘बरं’ म्हटलं. माझ्या ‘बरं’चा अर्थ एवढ्या वर्षांत तुला कळायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी अबोलीला घेऊन मी नीराबेनकडे गेले. मराठीच आहे, पण बडोद्यात सगळ्याच बेन. पुस्तकं नीटनेटकी करून देणं हेच तिचं काम. मला वाचता येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “मग मी वाचते, तुम्ही ऐका.” तिच्या हिंचक्यावर झोके घेत माझंच पुस्तक मी पहिल्यापासून ऐकलं. मधे मधे ती थांबायची. गंगूबाई तिसऱ्या प्रकरणात वारल्या, मग सातव्यात लोणचं कशा घालतात? तुझ्या यंत्राला गंगूबाईंचं काहीच वाटलं नव्हतं.

लिहिणारी हसते आहे. हसू दे. आता हसणार नाही.

मग एका वाक्याशी नीराबेन थांबली ती पुढे जाईचना. वाक्य असं होतं, ‘भोंगा झाला की वेणी अर्धीच राहायची, तोंडात रिबीन धरून मी म्हणायची, मान हलवू नकोस.’

“आजी, वेणी कोणाची?”

“माझी.”

“स्वतःला कोणी मान हलवू नकोस म्हणतं का? पुस्तकात तुम्हाला एकच मूल आहे. मुलगा.”

मी हिंचक्याची कडी बघत बसले. तीच म्हणाली, “पुस्तक तुमचं आहे, आजी. वेणी काढायची की मुलगी घालायची, तुम्ही ठरवा. दोन्ही मी नीट करून देईन. पण हे असं अर्धं ठेवता येणार नाही.”

यंत्रानं त्या वाक्याला हिरवी खूण दिली होती. सगळं बरोबर.

पद्माकर, नलिनीनं पादरा गावच्या गुजराती धवलशी लग्न केलं त्या दिवशी तुझे बाबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “आजपासून मला एकच मूल.” (लिहिणारी इथे थांबली. मी म्हटलं, लिही.) पुढे बाबा गेले. त्यांचं घड्याळ तू नेलंस तसा त्यांचा शब्दही नेलास, आणि दोन्हींना रोज किल्ली देतोस. मी पुस्तक सांगायला बसले तेव्हा तू बजावलंस, “आई, ते सोडून बाकी सगळं सांग.” ते! तुझ्यावर छत्री धरून स्वतः भिजत शाळेत नेणारी तुझी ताई, ती ‘ते’ झाली. मी गप्प बसले, पण जिभेनं तुझं ऐकलं नाही. वेणी घालून मोकळी झाली.

मी नीराबेनला म्हटलं, मुलगी घाल. आणि गाडी काढ.

पादऱ्याला धवल दारातच होता. “बहु मोडा आव्या, बा.” फार उशिरा आलात. मी म्हटलं, “काय करू, रस्ता खराब होता.” तो हसला आणि मला हात धरून आत घेऊन गेला. पुढचं तुला पत्रात सांगणार नाही. पुस्तकात वाच.

तेव्हा आता ऐक. पुस्तक नीराबेनच्याच हातून निघेल. फेब्रुवारीत झालं तर झालं, नाहीतर पाहुण्यांना नुसत्या बासुंदीपुरीवर वाटेला लाव. हजार चंद्र बघितले, आणखी चार बघीन. भोंगा प्रत्येक प्रकरणात होईल. नलिनीचं प्रकरण सांगून झालं आहे. हवं तर ते तुझ्या यंत्रात घाल, आणि मार्क कमी पडले तर कळव, या खेपेला खरंच पेढे वाटीन.

त्या दिवशी मला माझी लेक ओवाळेल. तू तिच्या शेजारी उभा राहा. समोर पाहुण्यांत बसलास तर पाहुणाच दिसशील.

तुझी आणि तिची,
आई

ता. क. खालचा डाग माझ्या अंगठ्याचा. अक्षर तुझ्या ताईचं. आज सकाळी तिची वेणी घातली. केस पांढरे झालेत, पण मान अजून हलवते.