देवळातला उजवा पंखा

मंगळवार, संध्याकाळ

बाबा बायपासला तयारच नव्हते. शेवटी आईने आज घणसोलीच्या गावदेवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, असं तीनदा पाहायचं. तिन्ही वेळा उजवंच पडलं! बाबा लगेच तयार.

मी कॉलेजात संभाव्यता शिकवतो, राहवलं नाही. म्हटलं, "आई, आठात एकदा असं होतंच. शिवाय पंख्याचा वारा उजव्या फुलावरच येत होता."

"पंखा कोनी लावला?"

"मीच. उकडत होतं."

"मंग? ती बुद्धी तुला कोनी दिली?"

तेव्हा हसलो. हा काय पुरावा झाला? पण आता डोकं चालत नाहीये. भिंतींवर पंखे दोन होते. मी डाव्याखाली उभा होतो. मग उकडत असताना उजवा का लावला?