रविवारचा आठचा टाइम

७८६
मुंबई, ९ ऑक्टोबर २००६

ती. नाना यांस,
आलिमाचा आदाब. नानीला सलाम. रोजे असूनही तुम्ही दुपारच्या उन्हात कपाशीच्या पऱ्हाटीत फिरता, असं अम्मीने फोनवर सांगितलं. नानी ओरडते ते बरोबरच करते, हे माझ्याकडूनही लिहून ठेवते.

बातमी चांगली नाही. रविवारी आठला लागणारी आपली युद्धांची मालिका बंद झाली. दोन वर्षं मी तिच्यासाठी माहिती गोळा करत होते. आता त्या वेळेला जोड्यांच्या नाचाचा मुकाबला लागतो, तो सगळे पाहतात म्हणे. शेवटचा भाग रसदीच्या ड्रायव्हरांवर होणार होता, तोही गेला. म्हणजे दिवाळी-ईदनंतर तुम्हाला आणि तुमच्या फौजेतल्या दोस्ताला, कचरूबाबांना घेऊन तांदूळखेडला जे शूटिंग करायचं होतं, ते होणार नाही.

सर्वात वाईट वाटतं ते गोजरबाईंचं. एकाहत्तर साली सहदेवकाकांनी पेटलेली दारूगोळ्याची गाडी जखमींपासून लांब नेली आणि ते तिच्यातच गेले, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात. त्यांचं गाव तुम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. जूनमध्ये मी त्यांच्या पत्नीचा, गोजरबाईंचा, तांदूळखेडचा पत्ता शोधून काढला. सगळ्यांनी मिळून जाऊ म्हणून आपण थांबलो, आणि थांबलोच.

आता आमचे साहेब म्हणतात की गोजरबाईंना नव्या कार्यक्रमात आणा. त्यात साध्या माणसांना स्टेजवर बोलावतात आणि अचानक कुणीतरी येऊन त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट सांगतं. गोजरबाईंना आधी काही कळू द्यायचं नाही. तुम्ही दोघं पडद्यामागे. अजून एक, लिहायला लाज वाटते. मरताना सहदेवकाकांनी बायकोचं नाव घेतलं, असं तुम्ही म्हणावं अशी त्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, तसं घडलं नसेल तर? तर ते हसून म्हणाले की तपासायला कोण बसलंय.

पण नाना, तो कार्यक्रम अख्खा महाराष्ट्र बघतो. सहदेवकाकांचं नाव घरोघर जाईल. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमच्या दुआंवर जगणारी,
आलिमा


सोनाळा, १४ ऑक्टोबर २००६

प्रिय कचरू यास,
गफ्फारचा सलाम अन् जयभीम, दोन्ही घे. वहिनीले आदाब. त्या स्फोटात तुहे कान गेले तवापासून आपली दोस्ती कागदावरच चालू आहे. फोन म्हणजे तू तिकडं हॅलो हॅलो करतो, मी इकडं बोंबलतो अन् सारा मोहल्ला ऐकतो.

आलिमाचं पत्र आलं. ते यासोबत धाडतो, वाच. आपली मालिका बंद. मी बेटीले लगेच लिहून टाकलं, का नाई. गोजरबाई काही बाहुली नाई, का तिले अंधारात ठेवून उजेडात उभी करायची अन् ती रडली का मागून बाजा वाजवायचा. अन् सहदेवच्या तोंडात मी शब्द घालणार नाई. जळती गाडी हाकणारा माणूस भाषण देत नाई. जे झालं ते झालं तसं सांगीन, नाई तं सांगणार नाई.

इकडं बीटीच्या पऱ्हाटीले बोंडं बरी धरली होती, आता पानं लाल पडून राह्यली. बियाणंवाला म्हणे अळी येणार नाई. अळी नाई आली, लाल्या आला. गेल्या महिन्यात एक टीव्हीवाला गाडी घेऊन आला अन् पारावर विचारे, या गावात कोणा कास्तकारानं जीव दिला का. मी म्हटलं, दिला नाई, देणारबी नाई, मी जित्ता आहो, माहा फोटो काढ. तो काच वर करून निघून गेला. आपल्या जिल्ह्यातला माणूस मेला तरच यांच्या कामाचा.

तुह्या गुडघ्याले तेल लावत जा. दोस्ती आहे तशीच राहू दे.

तुहा,
गफ्फार


नमो बुद्धाय
सुलतानपूर, १९ ऑक्टोबर २००६

प्रिय गफ्फार यास,
स.न.वि.वि. पत्र वाचलं अन् डोकं तापलं. तू नाई म्हणणारा कोण बे? नदीच्या घाटावर स्ट्रेचरवर मी पडलो होतो, तू नाई. माह्या बाजूले अजून कितीतरी पोरं पडले होते. ती गाडी तिथंच फुटली असती तं आज मी सोयाबीन काढायले अन् तुह्या शिव्या वाचायले उरलो नसतो. मले सहदेवचं नाव कुठूनबी, कसंबी लोकाइच्या कानावर गेलेलं पाह्यजे.

तुले माहीत नाई ते सांगतो. मी त्या बाजूच्या एका सोयऱ्याले विचारलं. तांदूळखेडात सहदेवचा भाऊ रामराव पहिल्यापासून सांगत आला, का सहदेवनं दारू पिऊन गाडी पलटवली. फौजेच्या तारेत गाडी जळून मृत्यू एवढंच होतं, बाकीचं यानं लावलं. भावाभावात वावरावरून जुनं वाकडं होतं म्हणे. पंधरा ऑगस्टले झेंड्याखाली गावच्या फौजींची नावं घेतात, त्यात सहदेवचं घेत नाईत. त्या बाईनं हे दरसाल ऐकलं. मग एका खोट्या वाक्यानं तिच्या जिवाले गार वाटत असन तं तुह्या बापाचं काय जाते?

सून महामाया दर रविवारी तोच नाच पाहते. मी तिच्याकडं पाठ करून बसतो, पण तिची पोरगी माह्या पाठीवरच ठेका धरते.

अन् आखरी गोष्ट. आपण दोघं म्हातारे बसून त्या बाईचं ठरवतो काऊन? दिवाळी झाली का मी एसटीनं जातो अन् तिलेच विचारतो. तुले राग यायचा असन तं येऊ दे, दोन दिवसांत उतरते तो.

लोभ कमी झाला तं कळव, येऊन भांडतो.

तुहा,
कचरू


तांदूळखेड, २९ ऑक्टोबर २००६

गफ्फारभाऊ यायले गोजरचा रामराम. घरी साऱ्याइले आशीर्वाद. अंगनवाडीची रुख्मिणी लिहून राह्यली. मी तिले सांगतलं, का मी बोलते तसंच लिही, सुधरवू नोको.

कचरूभाऊ आले होते. चहा पेले. टीव्हीचं सांगतलं. मंग ते सहदेवचं सांगाले लागले तं मी हात वर केला अन् त्याइले थांबवलं. म्हटलं, आता नाई, एकटीले नाई.

भाऊ, मले कोनी सांगतलं नाई का ते कसे गेले. दीर म्हनते दारू पेऊन गेले. मी त्याइले खोटं पाडू शकली नाई, काहून का मी तिथं नव्हती. पन मी मान खाली घालून चालली नाई. वावर केलं, दोन पोरी उजवल्या. आता त्या मुंबईच्या लोकाइले माह्या रडन्याचं काय काम आहे? मले रडाचं असन तं माह्या घरी जागा आहे.

माहं म्हननं असं आहे. खोटं चारचौघात बोलल्या गेलं, तं खरंबी चारचौघातच बोलल्या जावं. तुमी दोघं बारा तारखेच्या रविवारी या. सांजच्या आठ वाजता, माह्या आंगनात. दिवसा साऱ्या बाया कापूस वेचाले असतात. अन् कचरूभाऊनं सांगतलं का तोच तुमचा टाइम होता. तं तोच घ्या. कोनाले काहून द्याचा? ज्याले नाच पाहाचा तो नाच पाहीन.

एकच मांगते. जे झालं तेच सांगजा. गोड करू नोका. दारू पेले असन तं तसंबी साऱ्याइसमोर सांगजा. मी ऐकून घेईन.

बहीन समजून येजा. वाट पाहून राह्यली.

गोजर सहदेव


मुंबई, ५ नोव्हेंबर २००६

ती. नाना यांस,
आदाब. ईदला येता आलं नाही, नानीच्या शिरखुर्म्याची वाटी मनातच पुसून खाल्ली. तुमचं नकाराचं पत्र आणि त्यानंतर पाठवलेली गोजरबाईंच्या पत्राची नक्कल, दोन्ही मिळाली. ती नक्कल मी उभ्यानेच वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं की त्या येणार नाहीत. त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, मग तुमच्या जिल्ह्यातली दुसरी एखादी विधवा बघ, तिकडे काय कमी आहेत का. नाना, हे वाक्य ऐकून खुर्चीत बसणं मला जमलं नाही. मी म्हटलं, माझ्या जिल्ह्यात बायका राहतात, त्या तुमच्या यादीसाठी जन्मलेल्या नाहीत. मग पर्स उचलली आणि निघाले. काळजी करू नका. एका प्रकाशकाकडे भाषांतराचं काम मिळालंय, तेराला रुजू व्हायचं, म्हणून बाराला तांदूळखेडला येता येणार नाही.

मालिकेसाठी मी घरी येऊन घेतलेल्या तुमच्या मुलाखतीची टेप मागितली, तर म्हणाले की ती चॅनलची मालमत्ता. असू दे. जे टेपवर आहे ते तुम्हाला तोंडपाठ आहे.

मला सगळं लिहा. काही गाळू नका. अम्मीपासून नोकरीचं अजून लपवलंय, तुम्हीच हळूच सांगा, म्हणजे मार तुम्हाला पडेल.

तुमची लाडकी आणि सध्या फार ताठ मानेची,
आलिमा


७८६
सुलतानपूर, १५ नोव्हेंबर २००६

प्रिय आलिमा बेटीस,
खूप खूप दुआ. नोकरीचं मी तुह्या अम्मीले सांगितलं. ती आधी चिडली, मग त्या साहेबाचा फोन नंबर मागत होती. मी दिला नाई, त्याच्या भल्यासाठी.

हे पत्र कचरूच्या घरून लिहून राह्यलो. तांदूळखेडहून सोनाळ्याले परत गेलोच नाई, कारण इथल्या विहारात लोकाइनं येत्या रविवारी आम्हाले बोलायले ठेवलं. आठ वाजताच. आता बाराचं सांगतो, गाळत नाई.

आम्ही पोचलो तं गोजरबाईनं आंगण सारवून ताडपत्री अंथरली होती. ओसरीत कापसाचा ढीग. आठ वाजले तवा समोर वेचणीच्या थोड्या बाया, रुख्मिणी अन् अंबूबाई नावाची एक म्हातारी. बाकी गाव ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर. मले मनातून खूप राग आला. गोजरबाई म्हणाली, का सुरू करा. मी सुरू केलं. तेवढ्यात लाइन गेली. लोडशेडिंगचा टाइम बदलला होता म्हणे. टीव्ही बंद पडला अन् लोक कंदील, बॅटऱ्या घेऊन इकडं आले. त्यात रामरावबी आला, कडेले भिंतीशी बसला.

मी सांगितलं. त्या दिवशी आमच्या गाड्या घाटावर लागल्या होत्या. खाली वाळूत जखमी ठेवले होते, नदीपार नेणारी होडी यायची वाट पाहत. एक गोळा पडला अन् सहदेवच्या गाडीच्या ताडपत्रीनं पेट घेतला. आत दारूगोळा. सारे पळाले, मीबी पळालो. सहदेव उतरून खाली उभा होता, तो पळत गेला अन् परत गाडीत चढला. चढावरून गाडी काढून त्यानं पलीकडच्या धानाच्या वावरात घातली. तिथं ती फुटली.

मग कचरू उठला. मेडल लावलेला कोट होता अंगात. तो एवढंच म्हणाला, का खाली वाळूत मी पडलो होतो, अन् हा जो तुमच्यासमोर उभा आहे तो सहदेवमुळं उभा आहे.

एवढ्यात लाइन आली. पंचायतीतून बाजा सुरू झाला. पोरं-सोरं उठून पळाले, दोनचार मोठेबी गेले. मी थांबलो. गोजरबाई म्हणाली, का भाऊ, थांबू नोका, ज्याले जायचं तो जाईन, मी बसलेली आहो. मग मीबी आवाज चढवला. त्या बाज्याच्या वर चढवला, बेटी. आता घसा बसला आहे.

रामराव गेला नव्हता. तो बोलला, का दारू पेला नव्हता हे कशावरून. मी म्हटलं, सकाळपासून आम्ही एकामागं एक गाड्या हाकल्या, एकाच मगातून चहा पेलो. वाळूत दोन्ही बाजूंनी माणसं पडलेली, मधून त्यानं पेटती गाडी काढली अन् कोणाच्या हातावरबी चाक गेलं नाई. पेलेल्या माणसाले हे करून दाखवायले सांग. गोजरबाई रामरावले म्हणाली, का सव्वीस जानेवारीले झेंड्याखाली त्याइचं नाव तुमी घ्यान. तुमी नाई घेतलं तं मी घेईन, अन् मंग मी अजूनबी काही बोलीन. तो हाव म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

मग तिनं मले विचारलं, का जाता जाता ते काही बोलले का.

बेटी, तुह्यापासून लपवत नाई. तुह्या साहेबाचं ते बायकोच्या नावाचं वाक्य माह्या जिभेवर आलं. आयतं होतं. साऱ्या बाया पदर तोंडाशी धरून माह्याकडं पाहत होत्या. कचरूबी पाहत होता. मले वाटलं, एक वाक्य, काय बिघडते. पण ती आधीच लिहून चुकली होती, का गोड करू नोका.

मी म्हटलं, ताई, बोलला. मी पळता पळता घाबरून चढावाच्या मधातच उभा राह्यलो होतो. त्यानं खिडकीतून मुंडकं काढलं अन् माह्यावर वराडला, का बाजूले सर बे रेड्या, रस्ता तुह्या बापाचा आहे का. बस. हेच त्याचं आखरी बोलणं.

रुख्मिणीनं डोळे मिटले. मले वाटलं, आपण चुकलो.

गोजरबाई हसली. आधी हळू, मग पोट धरून. म्हणाली, का हाव, हेच ते. आमच्या लग्नाच्या वरातीत समोर बंडी आडवी आली तवाबी असेच वराडले होते, मी डोक्यावरचा पदर सरकवून पाह्यलं होतं का हा कोन मानूस. हसता हसता तिचे डोळे वाहत होते अन् ती पुसत नव्हती.

मागं बसलेल्या अंबूबाईले ऐकू आलं नव्हतं. ती विचारत होती, काय म्हणे, काय म्हणे तो. गोजरबाई उठली. कंबरेवर हात ठेवून, पंचायतीतल्या बाज्याच्या पार जाईन अशा आवाजात तिनं ते वाक्य जसंच्या तसं साऱ्या तांदूळखेडाले ऐकवलं.

जीव लावून आहोत, तसाच तुहाबी आमच्यावर राहू दे.

तुहा नाना,
गफ्फार