प्लग काढला होता

ती. आईस,

आज प्रयोगशाळेत सरांनी मायक्रोवेव्ह उघडला. प्लग काढून सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला होता. तरी आतल्या कपॅसिटरला स्क्रूड्रायव्हर टेकवताच फाडकन ठिणगी उडाली. सर म्हणाले, "प्लग काढला तरी यात वीज साठून राहते. आधी ती उतरवायची, मगच हात घालायचा. नाहीतर माणूस जागेवर जातो."

दादा आपला मायक्रोवेव्ह दुरुस्त करताना गेला, तेव्हापासून तुझ्या लेखी मी विसरभोळी. त्यानं प्लग काढायला सांगितलं, तेवढंही मला जमलं नाही. इंजिनिअरिंगला निघाले तेव्हाही म्हणालीस, "इलेक्ट्रिकल शिकणार? आधी प्लग काढायला शीक!" ऐकून ऐकून मलाही तेच खरं वाटू लागलं होतं.

आई, मी प्लग काढला होता.

लगेच फोन करणार होते. पण तू विचारशील, "मग चुकलं कोणाचं?" दादाच्या हाताला यश होतं, असं तू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस. सांगत राहा. हे पत्र काही मी पोस्टात टाकत नाही.

रविवारी घरी येते. मिक्सर बिघडलाय म्हणालीस, तो बघेन. प्लग मात्र तूच काढ.

तुझी,
विसरभोळी