भांडी घासायची पावडर

१३ ऑक्टो., सोम. धार.
आज सारखी आठवतेय लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. माहेरच्या ओट्यावर मी आणि धाकटी मालू पितळ घासत बसलो होतो. चिंच नाही, राख नाही. देवासहून मी वनस्पती तुपाच्या डब्यात पावडर नेली होती, करडी, मैद्यासारखी. आमचे हे तिथल्या सिमेंट-पाइपच्या फॅक्टरीत टर्नर. लेथवर पाइपाची टोकं तासली की खाली साचायची. समई अशी लखलखली की शेजारणी वाट्या घेऊन आल्या. मालूनं त्या पावडरीच्या मिशा काढून हेडमिस्ट्रेस सिस्टरची नक्कल केली, "गर्ल्स, सायलेन्स!" आणि फुंकर मारून उरलेली माझ्यावर उडवली. किती हसलो.

आज इतक्या वर्षांनी डॉ.नी मालूचा बायॉप्सी रिपोर्ट वाचून तिला विचारलं, "माताजी, एस्बेस्टस की फैक्टरी में काम किया कभी?"

"मैं? मैं तो सिलाई सिखाती थी, डॉक्टर भिया."

फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. ती धूळ वर्षानुवर्षं आत दबा धरून बसते म्हणे. केसपेपरवर त्यांनी लिहिलं: संपर्क नाही. मी शेजारीच बसले होते. त्या डब्याचं नाव काढलं नाही.

१४ ऑक्टो., मंगळ. देवास.
माळ्यावर डबा सापडला. अर्धा भरलेला. उघडला नाही.

ह्यांना शेवटपर्यंत टीबीची औषधं दिली. टीबी!

तडक ह्यांच्या जुन्या सुपरवायझरकडे गेले. झोपाळ्यावर बसलेले. "भाभीजी, पुरानी बात क्या उखाड़ना. घर ले जाने को हमने बोला था क्या?"

नव्हतं बोललं. पण गेटवर एखादा पाना, बोल्ट सापडतोय का म्हणून माणसांचे खिसे उलटे करायचे, आणि डबे हसत सोडायचे.

"मिट्टी ही तो थी."

"तो आप लेथ पर आते थे तब नाक पर रूमाल क्यों?"

त्यांनी सुनेला हाक मारली, चाय लाओ. नको म्हटलं. निघताना वर पाहिलं. घरावरचे एस्बेस्टस-सिमेंटचे पत्रे काढून टिनाचे घातलेत, निळे, नवे कोरे. कळत होतं मेल्याला. सगळं कळत होतं.

१६, गुरु.
मालूचा फोन. दोन शब्द, मग दम. "ताई, दिवाळीला येताना तुझी ती पावडर आण ना. भांडी पार काळी पडलीत."

"बघते," म्हटलं. बघते!

आता राग माझाच. मिशनच्या शाळेत कन्फेशनच्या वेळी आम्हा हिंदू मुलींना बाहेर बाकावर बसवायचे. मला हेवा वाटायचा. आत जायचं, सांगायचं, मोकळं व्हायचं. मी अजून बाकावरच.

१८, शनि. धनतेरस.
डॉ.ना फोनवर सगळं सांगितलं. "डब्बा खोलना मत. और माताजी, एक्स-रे आपका भी होगा." मालूला तुम्ही सांगू नका म्हटलं. ते माझं काम.

उद्या सकाळच्या बसनं धार. लिहून ठेवते, माझं काही झालं तर.

डबा डॉ.च्याच हातात. ओल्या फडक्यात गुंडाळून, दोन पिशव्यांत. केसपेपर दुरुस्त करायचा: संपर्क, बहिणीकडून.

वाट्या घेऊन आलेल्या शेजारणींची नावं आठवतील तेवढी, तीही डॉ.ना.

समई मालूच्या लेकीला, नेहाला. नुसत्या पाण्यानं धुवायची. काळी पडली तर पडू दे.

ह्यांची शेवटची एक्स-रे फिल्म सुपरवायझरला. उजेडाला धरून बघ म्हणावं.

ही वही मालूला. उद्या माझ्या तोंडून निघालं नाही, तर.