व्हेरी मोस्ट युनिक

३ जानेवारी
सव्वीसला कॉलनीची व्याख्यानमाला. यंदा उद्घाटनाचं भाषण मलाच मिळालं पाहिजे. टेंभुर्णीच्या दिग्विजयने आमच्या चौकात स्वतःचा फ्लेक्स लावलाय: 'ज्वलंत वक्ता'. ज्वलंत! मीही लावणार. विशेषण एकच, पण तोडीस तोड: 'युनिक वक्ता'.

४ जानेवारी
शब्दकोश पाहिला. युनिक म्हणजे एकमेव. ज्याच्यासारखं जगात दुसरं नाहीच. नुसतं वेगळं, भारी दिसलं की युनिक म्हणणं हा भाषाद्रोह! आणि 'मोस्ट युनिक' तर त्याहून वाईट. माणूस मेलेला असतो किंवा नसतो. 'मोस्ट मेलेला' म्हणतं का कोणी? हे सगळं बायकोला, महेश्वरीला, पोळ्या होईपर्यंत समजावलं. ती म्हणाली, मग फ्लेक्सवर फोटो तरी एकच लावा की.
तीन लावले. तिन्हींत हात वर.

८ जानेवारी
प्रचंड परिणाम. चौकात आता 'युनिक दादा' आणि 'युनिक टेलर्स'सुद्धा. फ्लेक्सवाल्या सिद्धूला खडसावलं, एकमेव तिघं कसे असतील? म्हणाला, "तुमचा बोर्ड बघूनच मागायलेत की सर. लई चाललाय."
म्हणजे समाज माझं ऐकतो.

१२ जानेवारी
दिग्विजयने फ्लेक्स बदलला. 'मोस्ट युनिक वक्ता'. संतापाने जेवलो नाही. (भाकरी दोनच.) हरलो तरी चालेल, भाषा वाकवणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१३ जानेवारी, सकाळी
सिद्धूला 'व्हेरी मोस्ट युनिक'ची ऑर्डर दिली. शत्रूचं शस्त्र शत्रूवरच. भाषण मिळालं की पहिला विषय भाषाशुद्धीच घेईन. सिद्धू म्हणाला, कडेला जागा उरलीय, अजून काय घालू? म्हटलं, 'ओन्ली' घाल.

२० जानेवारी
मंडळाच्या अध्यक्षा वैजयंतीताई घरी आल्या. म्हणाल्या, "सर, उद्घाटनाला दिग्विजय बोलतील. आभार मात्र तुम्हीच मानायचे हं."
विचार केला. बरोबरच आहे. लोक शेवटचं बोलणंच घरी घेऊन जातात. दिग्विजय नुसती प्रस्तावना.

२६ जानेवारी
प्रस्तावना दीड तास चालली. मग मी उभा राहिलो. 'युनिक'च्या अर्थापासूनच सुरुवात केली. सगळी सभा उठून उभी राहिली! मान द्यायला, असं वाटलं. मग सभा मसालेदुधाच्या पातेल्याकडे गेली. मी डगमगलो नाही. पहिल्या रांगेत एक गृहस्थ शेवटपर्यंत बसून होते, नजर माझ्यावरच. असा एक श्रोता पुरे. खाली उतरून त्यांचा हात हातात घेतला, म्हटलं, काही शंका असेल तर निःसंकोच विचारा.
म्हणाले, "शंका न्हाय ओ सर. माईक सोडा की आता, वायर गुंडाळायचीय."