साहेबांनी लावलेल्या खिडक्या

ता. ४ मार्च

चि. चिमणीस अ.उ.आ.

तुझ्या ऑफिसचे तपासनीस आमच्या बुटांच्या कारखान्यात हवा मोजून गेले. कुणी येणार म्हटल्यावर मी काय हातावर हात धरून बसणार? पाहुणे यावेत तसा आमचा सोल चिकटवायचा विभाग लख्ख करून घेतला. सोल्यूशनचे डबे झाकले, खिडक्या सताड उघडल्या. त्यांनी भिंतीजवळ यंत्र ठेवलं आणि हवा उत्तम असल्याचं सांगून गेले. तेव्हापासून मॅनेजरसाहेबांचे पाय जमिनीला लागत नाहीत.

पण तुझी काकू काही बरी नाही. दिवसभर टेबलावर वाकून सोल्यूशनचा ब्रश मारते, संध्याकाळी डोकं धरून बसते. बोटांना मुंग्या येतात. परवा गॅसवर दूध करपून धूर झाला, ही शेजारी उभी, तरी पत्ता नाही. वासच येत नाही म्हणते. डॉक्टर म्हणाले, सोल्यूशनची वाफ अशीच श्वासातून आत जात राहिली तर बोटं कामातून जातील. काम सोड म्हटलं, तर म्हणते, मी उठले की त्या जागी दुसरी कुणी बसेलच की. हवा चांगली, मग हे काय गं?

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमची आठवण असू दे.

तुझा काका

ता. ११ मार्च

ती. काका यांस शि.सा.न.वि.वि.

हसावं की रडावं कळेना. मॅनेजरसाहेबांना जे जमलं नसतं, ते तुम्ही फुकटात करून दिलंत! पाहुणचार झकास झाला, तपासणीचं मात्र वाटोळं. मोजायची असते ती रोजची हवा, आणि तीही भिंतीजवळची नव्हे, काकूच्या नाकाजवळची. श्वासात किती वाफ जावी याला नियमाने मर्यादा आहे. ती ओलांडली, तर वाफ ओढून घेणारी यंत्रणा बसवण्यावाचून कारखान्याला सुटका नाही.

सगळ्यांनी मिळून फेरतपासणी मागा. कॉलरला हवा खेचणारा छोटा पंप लावून कामाची पाळी संपेपर्यंत मोजा म्हणावं. मी घरची, म्हणून मी येणार नाही. दुसऱ्या बाई येतील. आणि कृपा करून झाडूला हात लावू नका!

थट्टा केली म्हणून माया आटू देऊ नका.

तुमची चिमणी

ता. २ मे

चि. चिमणीस अ.उ.आ.

जिंकलो गं!

या खेपेला झाडू मॅनेजरसाहेबांनीच उचलला. सकाळीच खिडक्या उघडायला लावल्या. मी कुरकुरलो, तर म्हणाले, मागच्या वेळी तुम्हीच तर शिकवलंत. माझं तोंड बघण्यासारखं झालं. तपासनीसबाईंनी काकूच्या कॉलरला पंप अडकवला आणि खुर्ची ओढून ठाण मांडलं.

आता आमच्या खिडक्या एरवी बंद का असतात, ते ऐक. वारा लागला की सोल्यूशन ब्रशखालीच सुकतं आणि सोल धरत नाही. मागे डबेच झाकलेले होते, म्हणून निभावलं. त्या दिवशी काम जोरात. दुपारपर्यंत सगळे बूट जांभया दिल्यासारखे तोंड वासून पडले, आणि माल संध्याकाळी रवाना व्हायचा होता! काकूने साहेबांना सरळ विचारलं, की खिडक्या उघड्या ठेवायच्या का बूट पाठवायचे, एकदाचं सांगा. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, घाम पुसला आणि स्वतःच्या हातांनी एकेक खिडकी लावून घेतली. बाई म्हणाल्या, छान, आता रोजच्यासारखं झालं, चालू द्या. ब्रशवाल्या माना खाली घालून खुदुखुदु हसत होत्या.

आज निकाल आला. अर्धा दिवस खिडक्या उघड्या असूनही वाफ मर्यादेच्या दुपटीवर! प्रत्येक टेबलावर वाफ ओढणारी नळी बसवायचा हुकूम निघालाय. तोवर विभाग बंद, पगार चालू.

आनंदात चार ओळी जास्त झाल्या, चालवून घे.

तुझा काका

ता. १९ ऑगस्ट

चि. चिमणीस अ.उ.आ.

काकांना लिहायला बसवलं तर अजून खिडक्यांचंच सांगतील, म्हणून मी लिहिते. टेबलावर आता हत्तीच्या सोंडेसारखी नळी आहे. वाफ वरच्यावर खेचून नेते. साहेब ती येणाऱ्याजाणाऱ्याला मिरवून दाखवतात, जणू त्यांच्याच डोक्यातून निघाली. माझ्या मुंग्याही कमी होतायत.

तक्रार तुझ्या काकांची आहे. काल मी बाहेर कपडे वाळत घालत होते, तर करपल्याचा वास आला. तिथूनच ओरडले की दूध लागलं, गॅस बंद करा. आत येऊन बघते, तर गॅस तसाच चालू, आणि हे पातेल्यासमोर उभे राहून हसतायत, डोळे पुसतायत. मी चांगलीच खरडपट्टी काढली, तर म्हणतात कसे, अजून ओरड.

पातेलं भिजत घातलंय. सवड काढून ये आणि तूच घास.

तुझी काकू